ब्रॉडकास्ट म्हणजे फोकणे

मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गात 'ब्रॉडकास्ट' हे क्रियापद आलं की मी फळ्यावर 'प्रसारण करणे' असं लिहून पुढे जात असे. मुलं ते उतरवून घेत, परीक्षेत बिनचूक लिहीत आणि विसरून जात. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, भूतकाळात याला एड का लागत नाही?" मी सांगितलं, याच्या पोटात 'कास्ट' आहे. कट, पुट, हिट यांच्याप्रमाणे कास्ट तिन्ही रूपांत तसंच राहतं, म्हणून ब्रॉडकास्टही बहुतेक लोक तसंच ठेवतात. कास्ट म्हणजे फेकणे. ब्रॉड म्हणजे रुंद, ऐसपैस. "मग काय फेकायचं, सर?" तिने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मोठा कोश उघडला. फेकायचं ते बी.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात हा शब्द शेतकऱ्यांचा होता. जेथ्रो टलने १७०१च्या सुमारास पेरणीचं यंत्र तयार केलं आणि बी ओळीत पडू लागलं. मुठीने विखरून पेरायच्या जुन्या रीतीला वेगळ्या नावाची गरज त्यानंतरच पडली असावी; तोवर ती नुसती पेरणी होती. आपल्याकडे पाभर आणि तिफण पिढ्यान्पिढ्या चालत आल्या, त्यामुळे हे भेद भाषेत पक्के बसले आहेत. चाड्यावर मूठ धरून ओळीत बी सोडायचं ते पेरणं, एकेका खळग्यात दोन-दोन दाणे घालायचे ते टोकणं, आणि वाफाभर उधळायचं ते फोकणं. म्हणजे 'ब्रॉडकास्ट'ला मराठीत नेमका शब्द होता. माझ्या वर्गातल्या कित्येक घरांत तो दर हंगामात बोलला जात होता, आणि मी मुलांना 'प्रसारण' लिहून देत होतो.

माझी आजी धने फोकायची ते मला अजून दिसतं. आधी धने फरशीवर पसरून चपलेने हलके रगडायची. दाण्याच्या दोन फाकी व्हायला हव्यात, भुगा होता कामा नये. मग ते ओच्यात घेऊन वाफ्याच्या कडेने सरकत जायची. मूठ पुरती उघडायची नाही. बोटं सैल सोडायची आणि मनगट आतून बाहेर फिरवायचं, म्हणजे दाणे एका जागी न पडता पंख्यासारखे पसरतात. निम्मे दाणे वाफ्याच्या लांबीने टाकून झाले की उरलेले निम्मे रुंदीने. वारा असेल तर कमरेत वाकून. शेवटी चिमण्यांनी टिपायच्या आत मातीवरून हात फिरवून सगळं झाकून टाकायचं.

कुठला दाणा कुठे पडेल हे फोकणाऱ्याला ठाऊक नसतं. टोकणाऱ्याला प्रत्येक खळगा ठाऊक असतो. हा फरक ध्यानात आला आणि रेडिओचा इतिहास मला निराळाच दिसू लागला. मार्कोनीच्या काळात बिनतारी संदेश हे टोकण्याचं काम होतं: जहाजावरून किनाऱ्याला, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याला. मधल्या कुणालाही तो ऐकता येतो, गुप्तता राहत नाही, ही त्या तंत्राची मोठी खोट समजली जाई. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले, ते ज्याच्याकडे संच असेल त्याच्यासाठी. जी खोट होती तीच आता कामाची ठरली. या नव्या कामाला शब्द हवा होता आणि तो वाफ्यातून आला. १९२२ मध्ये लंडनला ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हा तो शब्द आपल्या दाराशी पोहोचला. लंडनमधलं बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाउस १९३२ मध्ये उघडलं. त्याच्या प्रवेशदालनात एरिक गिलने घडवलेलं शिल्प आहे, बी पेरणाऱ्या माणसाचं. अवघ्या देशाशी बोलणाऱ्या संस्थेने आपल्या नावातला शेतकरी दारातच उभा केला, याचं मला फार मोल वाटतं.

आपण मात्र संस्कृतकडे गेलो. 'प्रक्षेपण'मध्येही 'क्षिप्' म्हणजे फेकणेच आहे. क्षेपणास्त्र त्यातूनच आलं, पोथीत मागाहून घुसडलेल्या ओव्यांना आपण प्रक्षिप्त म्हणतो तेही त्यातूनच. पण नववीतल्या मुलाला त्यात कुणाचा हात दिसत नाही. 'आकाशवाणी' हे नाव गोड आहे, पण त्यामागची कल्पना वेगळी. कंसाने ऐकलेली आकाशवाणी त्याला एकट्याला उद्देशून होती. वाफाभर उधळण्याची मोकळीक तिच्यात नाही.

शेतातली, स्वयंपाकघरातली क्रियापदं मोठ्या कामाला चालत नाहीत असं कुणी म्हणेल, तर त्याने 'निवडणूक' हा शब्द पाहावा. तांदूळ निवडणे, मेथी निवडणे या रोजच्या बोलण्यातलं क्रियापद. सुपातले खडे बाजूला काढणाऱ्या बोटांवरून आपण लोकशाहीतल्या सर्वांत मोठ्या कामाचं नाव ठेवलं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. बातमी पेरणे, सुरुंग पेरणे हेही आपण सहज बोलतो. 'फोकणे'ला तेवढी बढती कधी मिळाली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लंडनमधल्या बातमीदाराला आज ब्रॉडकास्ट म्हणताना बी आठवत नाही, मग आपल्या मुलांनी ते का आठवावं? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने याचा विचार केव्हाच करून ठेवला आहे. मुख्य अर्थ जुळेनासा झाला की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. काही लक्षणा वापरून वापरून रूढ होतात. 'कुशल' म्हणजे मुळात कुश गवत नीट खुडून आणणारा. आज कुशल गवंडी म्हणताना गवत कुणाला दिसत नाही. हे मला मान्य आहे. पण ज्याच्या घरी ती भाषा चार पिढ्या आहे, त्याला मुख्यार्थ विसरणं परवडतं. परक्या भाषेत शिरणाऱ्या मुलाला धरायला काहीतरी लागतं. आपण त्याला लक्ष्यार्थ आधी देतो, तोही 'प्रसारण'सारख्या तितक्याच परक्या शब्दात, आणि मुख्यार्थ देतच नाही. मग पाठ करण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा उपाय उरत नाही. घरून जे तो घेऊन आला होता, ते वर्गाबाहेर चपलांशेजारी राहतं.

पुढच्या वर्षी त्या धड्याला मी खिशात मूठभर धने घेऊन गेलो. शाळेच्या मागे सांडपाण्यावर एक वाफा आहे. मी मूठ उघडून दाणे टाकले तर सगळे एका जागी पडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. इंग्रजीचा धडा वाचायला सांगितला की खाली बघणारा. "सर, मनगट फिरवा," म्हणाला, आणि माझ्या हातातले उरलेले धने घेऊन त्याने वाफा दोन्ही बाजूंनी भरला. थोडे दाणे वरंब्यावर पडले. ते बघत त्याने विचारलं, "सर, रेडिओवरचं पण असं वरंब्यावर पडतं का? म्हणजे ज्याच्यासाठी नाही त्याच्याकडं?"

आम्ही घंटा होईपर्यंत त्यावर बोलत बसलो. नवव्या-दहाव्या दिवशी वरंब्यावरही कोथिंबीर वर आली.