तीच गाडी: वस्तूची ओळख कशात असते?

मोटारींच्या शर्यतीच्या आरंभी स्पर्धकांच्या पुढे ठरावीक वेगाने धावणारी आणि हिरवा झेंडा पडण्याआधी बाजूला होणारी गाडी म्हणजे पेस कार. ती जिंकत नाही आणि हरतही नाही. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ही प्रथा १९११ सालच्या पहिल्या शर्यतीपासून आहे. १९६९ साली हा मान शेव्हरोले कमारो या दुमडत्या टपाच्या, नारिंगी पट्ट्यांच्या पांढऱ्या गाडीला मिळाला. त्याच रूपाच्या ३,६७५ कन्व्हर्टिबल गाड्या कंपनीने ग्राहकांसाठी बनवल्या आणि संग्राहक आजही त्या जपतात. तरीही ३० मे १९६९ रोजी प्रत्यक्ष शर्यतीपुढे धावलेली गाडी त्यांच्या लेखी निराळीच. रूप आणि साचा एकच असताना हे निराळेपण येते कुठून? शिवाय पन्नास वर्षांत पत्रा गंजतो, टप नवा शिवावा लागतो, इंजिनही बदलते. मग ती गाडी तीच राहते का?

भारतीय दर्शनांत हा प्रश्न जुना आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतात. आस म्हणजे रथ नव्हे, चाके नव्हेत, सर्व भाग मिळूनही नव्हे. भागांच्या आधाराने व्यवहारात चालणारे नाव म्हणजे रथ. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, हा अवयवांहून वेगळा, खरा पदार्थ आहे. मात्र एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असेही ते मानतात. या हिशेबाने इंजिन बदललेली गाडी नवीच ठरते. जैन दर्शन उत्पाद (उपजणे), व्यय (नाश) आणि ध्रौव्य (टिकणे) ही तिन्ही एकाच वस्तूत पाहते: पर्याय म्हणजे अवस्था बदलतात, द्रव्य टिकते.

ओडिशात, पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात, याचे सजीव उदाहरण दिसते. हा विधी १९६९ सालीही झाला होता. लाकडी मूर्ती संपूर्ण नव्या घडवतात, जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तींत ठेवतात आणि भक्तांसाठी देव तोच राहतो.

गाडीत असा ब्रह्मपदार्थ नसतो. तिथे ते काम अखंड परंपरा करते: चॅसिसचा क्रमांक, मालकीची कागदपत्रे, त्या काळची छायाचित्रे. हुबेहूब प्रतिकृतीला मूळ गाडीचे सगळे गुण देता येतात. ‘त्या दिवशी तिथे असणे’ मात्र देता येत नाही, कारण भूतकाळ घडवता येत नाही. म्हणून ‘ही तीच’ हे विधान गाडीच्या गुणांविषयी नसून तिच्या इतिहासाविषयी असते. दुरुस्तीत काय बदलले याची प्रामाणिक नोंद ठेवणे हा संग्राहकाचा धर्म ठरतो. सुटा भाग बदलल्याने ओळख लगेच पुसली जात नाही. खोट्या नोंदीने मात्र ती तुटते.