शेवटानें झालेली वाट

सह्याद्रींत उगम पावलेली काजळी नदी भाट्यास समुद्राला मिळते. वळणें पुष्कळ; पण समुद्र गांठला म्हणूनच त्यांची वाट झाली.

स्पेनच्या सर्व्हांतेसची 'डॉन किहोते' ही कादंबरी १६०५ व १६१५ सालीं दोन भागांत निघाली. तिचा नायक पवनचक्क्यांना राक्षस समजून धांवतो, आपटतो, लोक हंसतात. अखेर अंथरुणावर भ्रम उतरतो. तो आपलें खरें नांव सांगतो, मृत्युपत्र करतो नि डोळे मिटतो. हा शेवट नसता तर उरती नुसती वेड्याची धांवपळ.

बाबांनो, मान, पैका, मीपणा या आपल्याहि पवनचक्क्याच कीं! त्याला ओळख पटली शेवटच्या घटकेला. आपण तोंवर कशाला थांबावें? भाट्याच्या खाडींत भरती नदीला सामोरी येते. हांक मारा, तो शेवटहि आजच सामोरा येईल.