न दिसणारी जखम



घरातला कमावता माणूस परांचीवरून पडतो. डोक्याला मार लागतो, क्षणभर शुद्ध हरपते. सीटी स्कॅन होतो. डॉक्टर सांगतात, रक्तस्राव नाही, घरी न्या. सगळ्यांना हायसे वाटते. पण महिना उलटला तरी तो म्हणतो, डोके ठणकते, चक्कर येते, उजेड सोसत नाही. आत्ता सांगितलेले विसरतो, मुलांवर खेकसतो. मग कुजबुज सुरू होते. एक म्हणतो, फोटो चांगला आला, हा कामचुकारपणा आहे. दुसरी हळूच म्हणते, बाहेरचे काही असेल, देवऋषाला दाखवू.

तुम्ही दीक्षा घेतली, देव्हारा काढला. ही कुजबुज घरातून गेली काय?

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. हादऱ्याने मेंदूच्या पेशींचे कामकाज बिघडते, ते त्यात सहसा दिसत नाही. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार लागतात. काहींना मात्र कित्येक महिने. 1866 साली लंडनचे शल्यवैद्य एरिक्सन यांनी रेल्वे अपघातानंतर वरून धड दिसणाऱ्या, पण दीर्घकाळ आजारी राहणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहिले. अशी माणसे सोंग करतात, हा आरोप तेव्हाही होताच. भरपाई रेल्वे कंपन्यांना द्यावी लागे, हेही ध्यानात घ्या!

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. अज्ञानी माणूस शोक करून दुसरा मनात रुतवून घेतो. हे सुत्त आजाऱ्याला सुनावण्यासाठी वापरणारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. या दुखण्यात दुसरा बाण पुष्कळदा घरचेच मारतात. आपल्यावर कोणाचा विश्वास नाही, या विचाराने त्याची झोप उडते, आणि झोप उडाली की डोके अधिकच ठणकते.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणत. आता तसे सांगत नाहीत. पहिले एकदोन दिवस विसावा, मग थोडे चालणे, थोडे घरकाम. त्रास फार वाढला तर कमी करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे. डोके पुन्हा आपटेल असे काम डॉक्टर सांगेपर्यंत बंद. वारंवार वांती, वाढत जाणारे ठणके, झटके, हातापायातली शक्ती जाणे किंवा जागे न होणारी गुंगी दिसली, तर मध्यरात्रही पाहू नका, रुग्णालय गाठा.

राहिला रोजंदारीचा प्रश्न, आणि तोच अवघड आहे. विसावा फुकट नसतो. प्रत्येक खाड्याची मजुरी बुडते. म्हणून तो अर्धवट बरा असतानाच पुन्हा परांचीवर चढायला निघतो, आणि आपण त्याला शहाणा म्हणतो. त्याला खाली हलके काम मिळेल काय, हे मुकादमाला कोणीतरी विचारले पाहिजे. त्याला एकट्याला पाठवू नका. त्याला शब्द सुचत नाहीत, तो मध्येच चिडतो. तुमच्यापैकी एकाने त्या दिवशी आपला खाडा करून बरोबर जावे.