पहिले पान कोणाचे?

२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, तेव्हा निवडीला फारसा वाव नव्हता. जे बंद करता येण्यासारखे होते ते सरसकट बंद झाले. नीतीचा खरा प्रश्न उद्भवला तो पुढे, कुलुपे एकेक करून काढण्याची वेळ आली तेव्हा. कारण सर्व दारे एकदम उघडणे शक्य नसते तेथे कोणते दार आधी उघडावे हे ठरवणारा हुकूम, कितीही रुक्ष कारभारी भाषेत लिहिलेला असला, तरी तो तत्त्वतः धर्मनिर्णयच असतो.

महाराष्ट्रात हा क्रम कसा लागला ते दप्तरी नमूद आहे. मद्यविक्रीला मे महिन्याच्या आरंभीच मुभा मिळाली, ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहे सुरू झाली आणि १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. अंगणवाड्यांचा प्रश्न मात्र देशपातळीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, आणि प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील अंगणवाड्या उघडण्याविषयी राज्यांनी ३१ जानेवारीपूर्वी निर्णय घ्यावा, असे त्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२१ रोजी फर्मावले.

आपल्या परंपरेला हा क्रमाचा प्रश्न अपरिचित नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत गृहस्थाच्या भोजनाचा जो विधी सांगितला आहे, त्यात बालक, वृद्ध, गर्भिणी, आजारी, अतिथी आणि आश्रित सेवक या सर्वांची पाने आधी मांडली जातात, आणि घरधनी व घरधनीण यांच्या वाट्याला उरेल ते येते. ज्या स्मृतींनी विषमतेलाही धर्माचे अधिष्ठान दिले, आणि ज्यांपैकी एकीचे १९२७ साली महाडला दहन करावे लागले, त्यांचे वचन केवळ वचन म्हणून प्रमाण मानण्याचे कारण नाही. परंतु या विधीमागील युक्तिवाद विवेकाच्या कसोटीला उतरतो. समर्थाला थांबता येते, दुर्बळाला थांबता येत नाही. उपाहारगृहातील भोजन सहा महिने पुढे गेले तर एक सुख लांबते. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या वाढीच्या काळात बालकाचे पोषण तुटले, तर ती उणीव पुढे सहजी भरून निघत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, अंगणवाड्या बंद ठेवल्या त्या बालकांच्याच काळजीपोटी, आणि शिधा तर घरपोच मिळतच होता. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण अकर्मातही कर्म पाहावे, ही गीतेची शिकवण येथे आठवावी: बंद ठेवणे हीही एक कृतीच, आणि तिचेही परिणाम कोणाला तरी भोगावे लागतात. घरी आलेला शिधा सगळ्या घराच्या भुकेत वाटला जातो. बालकाचे वजन, त्याचे लसीकरण, त्याच्यावरची जाणती नजर, यांपैकी काहीही पिशवीत बांधून देता येत नाही. शिवाय धुण्याभांड्याच्या कामावर आईला पुन्हा बोलावणे आले, पण मूल कोणाच्या स्वाधीन करावे याचा बंदोबस्त कोणत्याच फर्मानात नव्हता. तो भार मग घरातल्या थोरल्या मुलीवर पडतो. काळजी हे कारण असेल, तर तिची किंमत सर्वांत अशक्त घराने का मोजावी?

उघडे की बंद, एवढ्या दोनच पर्यायांत अडकण्याचेही कारण नव्हते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीच्या परिसरात आचरून दाखवला होता. बंद हवेत पसरणाऱ्या रोगाच्या काळात, मोजक्या मुलांचे उघडे अंगण हाच सर्वांत शहाणा मध्यममार्ग ठरला असता.

अशा घरांना आधार देणे ही दया नव्हे. शतपथ ब्राह्मणात मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांच्याप्रमाणेच मनुष्यांचेही ऋण घेऊन जन्मतो असे सांगितले आहे. दयाळू माणूस आपल्या सवडीने देतो. ऋणकोला मुदत पाळावी लागते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील आहाराला २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्काचे रूप दिले, तेव्हा राज्यसंस्थेनेही हे ऋण लेखी मान्य केले.

ऋण मान्य केले की ते ज्या हातांनी फेडायचे त्यांचाही विचार करावा लागतो. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर फिरण्याचे काम अंगणवाडी सेविकांवरही आले, पण त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. त्यांना उपदानाचा हक्क आहे, हेही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. आणि आपल्याच दोन खोल्यांत पाळणाघर चालवणाऱ्या बाईचे नाव तर कोणत्याही वेतनपटावर नसते. मुले येईनाशी होताच तिची मिळकत संपते, भाडे मात्र चालूच राहते.

म्हणून पुढील साथीच्या पुनरारंभाची यादी आजच, शांतपणे लिहून ठेवावी: प्रारंभी अंगणवाडी आणि पाळणाघर, ती चालवणाऱ्या स्त्रियांच्या वेतनाची व भाड्याची तरतूद, आणि त्यानंतर बाकीच्यांचे परवाने. ज्यांना थांबणे परवडते त्यांनी थांबावे. गृहस्थाला घातलेला हा नियम राज्यालाही लागू आहे.