भावनेचे उत्तरदायित्व : इंग्रजीतील एक संज्ञांतर

माणसाला त्याच्या कृतीबद्दल दोष देता येतो, हे सर्वमान्य आहे. त्याच्या भावनेबद्दल दोष देता येतो का, हा प्रश्न मात्र बिकट आहे. आणि तत्त्वचिंतक त्याचे उत्तर शोधू लागण्यापूर्वी भाषेने ते बऱ्याच अंशी देऊन टाकलेले असते. भावनावाचक शब्द मनाच्या अवस्थांची केवळ नोंद करीत नाहीत. त्या अवस्थेला कर्ता आहे की नाही, याचा निवाडाही ते मुकाट्याने करतात. इंग्रजीत हा निवाडा एकोणिसाव्या शतकात पालटला.

आज 'इमोशन' या एका छत्राखाली येणाऱ्या अनुभवांना अठराव्या शतकातील सुशिक्षित इंग्रजीत 'पॅशन', 'अफेक्शन', 'सेंटिमेंट' अशा निरनिराळ्या संज्ञा होत्या. ही विभागणी सर्वत्र काटेकोरपणे पाळली जाई असे नाही. परंतु तिच्यामागे ऑगस्टीन आणि अक्वायनस यांच्यापासून चालत आलेली ख्रिस्ती मनोमीमांसा उभी होती. 'पॅशन' म्हणजे माणसाला ग्रासणारा क्षोभ. 'अफेक्शन' म्हणजे विवेकाला अनुसरणारा इच्छाशक्तीचा कल. पहिल्याला आवर घालायचा, दुसऱ्याची जोपासना करायची. दोहोंबाबत माणूस उत्तरदायीच, पण वेगळ्या रीतीने. जोसेफ बटलर यांच्या १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांतील 'रिझेंटमेंट'चे विश्लेषण या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. इजा होताच उसळणारा संताप वेगळा, आणि आपल्यावर अन्याय झाला या जाणिवेतून उद्भवून विचारपूर्वक टिकून राहणारा रोष वेगळा, असे ते मानतात. या दुसऱ्या प्रकारात अन्यायाचा एक दावा दडलेला असतो. दावा खरा असू शकतो तसा खोटाही. म्हणूनच अशा रोषाची चिकित्सा शक्य होते.

'इमोशन' हा शब्द पूर्वीही होता, पण तो खळबळ, हालचाल अशा अर्थाने. एडिंबरो येथील प्राध्यापक टॉमस ब्राउन यांची व्याख्याने १८२० मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाली, आणि त्यानंतर ही संज्ञा मानसशास्त्रातील एका व्यापक वर्गाचे नाव म्हणून रुजली. टॉमस डिक्सन यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. १८८४ मध्ये विल्यम जेम्स यांनी शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे प्रतिपादन केले. येथे रोष हा दावा उरत नाही, घटना बनतो. घटनेला कारणे असतात. तिचे समर्थन वा खंडन करता येत नाही.

जेन ऑस्टिन यांची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) ही कादंबरी या संक्रमणाच्या अलीकडच्या काठावरची. 'सेन्सिबिलिटी' ही अवस्था नव्हे, ती क्षमता आहे आणि मॅरिअ‍ॅनच्या बाबतीत तो अभिमानाचाही विषय आहे. आपल्या शोकाची तीव्रता हाच आपल्या अस्सलपणाचा पुरावा, असे मानून ती त्या शोकाला खतपाणी घालते. जिवावरच्या दुखण्यातून उठल्यावर ते दुखणे आपणच ओढवून घेतले, असा दोष ती स्वतःला देते. आजच्या वाचकाला हे आत्मपरीक्षण जाचक वाटते. तिला काय झाले होते, असे तो विचारतो. तिने काय केले, असे कादंबरी विचारते.

तथापि जुन्या शब्दसंग्रहाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 'अ‍ॅकिडी', म्हणजे साधनेतून मन उडून जाणे, हे मध्ययुगीन मठजीवनात पाप गणले जाई. आज 'डिप्रेशन' म्हणून ओळखल्या जातील अशा काही अवस्था त्या नावाखाली निश्चितच दडपल्या गेल्या असतील. ज्याला उपचार हवे त्याच्या पदरी प्रायश्चित्त टाकणे हे क्रौर्यच. नव्या संज्ञेने ते ओझे उतरवले. पण उतरवले ते सरसकट. आणि मग खचलेल्या माणसाला मिळालेली सवलत मत्सराने खून करणाराही मागू लागतो.

इंग्लंडच्या न्यायालयांना हा पेच टाळता आला नाही. १९५७ च्या होमिसाइड अ‍ॅक्टमध्ये चिथावणीच्या बचावाची कसोटी अशी होती की, समंजस माणसाचाही तोल तशा प्रसंगी गेला असता का? २००९ च्या कायद्याने हा बचाव रद्द केला. नवी तरतूद २०१० पासून अंमलात आली. आता नुसता ताबा सुटणे पुरेसे नाही. गंभीर हिंसेची भीती, किंवा अत्यंत गंभीर परिस्थितीत आपल्यावर मोठा अन्याय झाल्याची समर्थनीय जाणीव, त्यामागे असावी लागते. जोडीदाराची लैंगिक प्रतारणा हे एकटे कारण ग्राह्य धरले जात नाही. मानसशास्त्राने मोडीत काढलेला बटलर यांचा भेद विधिमंडळाला पुन्हा हुडकावा लागला, हे मौजेचे आहे.

मराठी समीक्षेपुढे हा प्रश्न भाषांतराच्या रूपाने येतो. एलियट यांच्या १९१९ च्या 'ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलंट' या निबंधात 'इमोशन' आणि 'फीलिंग' यांत केलेला भेद दोहोंसाठी 'भावना' हाच शब्द योजल्यास बुजून जातो. 'मनोविकार' हा शब्द 'पॅशन'ला जवळचा, पण त्याला रोगाचा वास येतो. मराठीचे खरे सामर्थ्य नामांपेक्षा वाक्यरचनेत आहे. 'मला राग आला' या वाक्यात कर्ता राग आहे. 'मी रागावलो' यात कर्ता माणूस आहे. मॅरिअ‍ॅनबद्दल 'तिला दुःख झाले' असे लिहायचे की 'ती दुःख करीत राहिली' असे, हे अनुवादकाला वाक्यागणिक ठरवावे लागते. आणि इंग्रजी वाक्याची घडण त्याला हा निर्णय क्वचितच घेऊन देते.