जखऱ्याला विचारा

(शास्त्रभाग : लूक १ : ५७ ते ६४)



लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एका नामकरणाची हकीकत आहे. अलीशिबेला म्हातारपणी पुत्र झाला म्हणून शेजारीपाजारी व नातलग आठव्या दिवशी जमले आहेत. मुलाला बापाचेच नाव ठेवावे असा त्यांचा आग्रह आहे. आई म्हणते, नाही, ह्याचे नाव योहान ठेवावयाचे. आईचे म्हणणे त्यांस पटत नाही. घरचा कर्ता पुरुष जखऱ्या तेथेच बसलेला आहे. पण कित्येक महिने त्याच्या मुखातून शब्द निघालेला नाही. मग ते शेजारी काय करतात? ते त्याला खुणा करून विचारतात. जखऱ्या पाटी मागून घेतो, नाव लिहितो, आणि वाद मिटतो.

लूक हा वैद्य होता; वेंगुर्ल्याच्या मिशन रुग्णालयाला त्याचेच नाव आहे. वैद्याच्या नजरेने त्याने ही बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. शेजाऱ्यांना खुणा कराव्या लागल्या, त्यावरून जखऱ्याला ऐकूही येत नव्हते, असे पुष्कळ भाष्यकार समजतात. आम्हांस आज ह्या वचनातून एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवावयाची आहे. त्या लोकांनी जखऱ्याला वगळून निर्णय केला नाही. त्याला कळेल अशा रीतीने त्यांनी आपले हात चालविले, आणि त्याने दिलेले उत्तर शेवटचे मानले.

आता आपल्या गावांकडे पाहू. देवगडापासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कोणत्याही वाडीत चौकशी करा. ऐकू न येणारे एखादे माणूस बहुधा आढळेल. त्याचे नाव विचारा. पुष्कळदा उत्तर मिळेल, "तो मुको," किंवा "ती मुकी." आईबापांनी हौसेने ठेवलेले, बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकाने उच्चारलेले नाव कोठे गेले? संध्याकाळी पडवीवर गजाली रंगतात. तोही तेथे बसलेला असतो, सर्व हसले म्हणजे हसतो. परंतु हसण्याचे कारण त्याला कोणी सांगत नाही. त्याचे लग्न, त्याची मजुरी, बागेतला त्याचा वाटा, ह्या सर्व गोष्टी त्याच्या डोळ्यांदेखत आणि त्याला न विचारता ठरतात. "मुकी बिचारी कुणीही हाका" ही म्हण गुरांविषयी असेल. पण माणसांच्या बाबतीतही आपण ती खरी करून दाखवितो.

असे का होते? आमच्या मते मुळाशी तीन चुकीच्या समजुती आहेत.

पहिली समजूत ही की बहिरेपण पापाची शिक्षा आहे. कोणी म्हणेल, जखऱ्याची वाचा अविश्वासामुळेच गेली होती ना? होय, परंतु ती त्या एका मनुष्याला नेमलेल्या मुदतीपुरती दिलेली खूण होती, सर्वांना लावावयाचा नियम नव्हे. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा पाप त्याचेही नाही व त्याच्या आईबापांचेही नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. मोशेने आपल्या जड जिभेची सबब पुढे केली, तेव्हा मुक्याला व बहिऱ्याला घडविणारा मीच आहे, असे देवाने त्याला बजाविले. आणि लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बहिऱ्याला शिव्याशाप देण्याची मनाई आहे. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो शाप फुकट जात नाही. देव तो ऐकतो.

दुसरी समजूत ही की ज्याला बोलता येत नाही त्याला भाषा नाही, आणि भाषा नाही म्हणून बुद्धीही नाही. ही समजूत अडाणी लोकांचीच होती असे नाही. १८८० साली इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत स्वतः कर्णबधिर असा एकच होता. तेथे ठरले की मुलांना खुणांनी शिकवू नये, ओठ पाहून व तोंडाने बोलूनच शिकवावे. ह्या ठरावाचा परिणाम देशोदेशी झाला; शाळाशाळांतून मुलांचे हात आवरले गेले. आपल्या देशातही पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यावरच भर राहिला. पुढे २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या तशाच आंतरराष्ट्रीय परिषदेने तो ठराव झिडकारला व त्याबद्दल खेद प्रकट केला. मध्ये एकशे तीस वर्षे गेली होती.

ओठांवरून सर्व काही समजते, असे ज्याला वाटते त्याने आरशापुढे उभे राहून 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तीन शब्द आवाज न करता म्हणून पाहावे. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. अशा अंधुक उजेडात मूल भाषा कशी शिकणार? हातांच्या भाषेत मात्र त्याला सर्व स्वच्छ दिसते. १९६० साली अमेरिकेतील विल्यम स्टोको ह्या अध्यापकाने दाखवून दिले की खुणांच्या भाषेला कोणत्याही बोलीइतकीच पक्की घडण आहे. आपल्या देशातील कर्णबधिर जी भाषा वापरतात, तिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतात. तिचे व्याकरण मराठीचे नव्हे व इंग्रजीचेही नव्हे. 'काय', 'कोण', 'कोठे' हे प्रश्नाचे शब्द तीत सहसा वाक्याच्या शेवटी येतात. भुवया व मुद्रा ह्यांनीही अर्थ बदलतो. २०१५ साली दिल्लीत ह्या भाषेच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे सरकारी केंद्र स्थापन झाले. त्याने केलेल्या कोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते, ते २०२१ पर्यंत दहा हजार झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यातही ह्या भाषेला स्थान मिळाले आहे.

ह्या बाबतीत मालवणी माणसाला तरी फार समजावून सांगावे लागू नये. आपल्या घरच्या बोलीला शहरात लोक हसतात, शाळेत मूल मालवणी बोलले की "शुद्ध बोल" असे त्याला दटावितात, ह्याचा बोचरा अनुभव येथे घराघरांत आहे. पुढे १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले, आणि हीच बोली ऐकण्यासाठी मुंबईत लोक तिकिटे काढू लागले. बोली तीच होती. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कर्णबधिर आपली हातांची भाषा अभिमानाने चालवितात, तेव्हा आपल्याइतके त्यांचे मन दुसऱ्या कोणास कळावे?

तिसरी समजूत धार्मिक आहे, म्हणून ती अधिक घातक. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौल रोमकरांस लिहितो. तेव्हा ज्याला ऐकू येत नाही त्याला विश्वास कसा व्हावा, असे काही जण म्हणत आले. पण पौलाने तेथे कानाच्या पडद्याची चर्चा चालविलेली नाही. संदेश कोणी नेऊन पोचविलाच नाही तर लोकांनी विश्वास कसा धरावा, हा त्याचा प्रश्न आहे. तेव्हा ते वचन कर्णबधिराला दोष देत नाही. ज्याने त्याच्यापर्यंत संदेश नेला नाही त्याला ते जाब विचारते. एकोणिसावे स्तोत्रही वाचा. आकाशाला शब्द नाही, वाणी नाही, तरी त्याची साक्ष पृथ्वीच्या टोकापर्यंत पोचते, असे स्तोत्रकर्ता गातो. आवाजावाचून साक्ष होते, हे शास्त्राला मान्यच आहे.

साक्षीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ११९ व्या कलमाने असे ठरविले की, ज्याला बोलता येत नाही त्याने भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, आणि ती तोंडी साक्षच समजली जावी. २०१३ साली त्यात दुभाष्याची व चित्रीकरणाची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही हा नियम कायम आहे. वारशाचेही तसेच. जन्मतः मुक्याबहिऱ्याला जुन्या हिंदू वारसा नियमांनी वडिलार्जित मिळकतीत वाटा नव्हता. तो अडथळा १९२८ च्या कायद्याने दूर केला. सरकारच्या न्यायासनापुढे हातांनी दिलेली साक्ष दीडशे वर्षे चालते. मग जी मंडळी दर रविवारी "कोणाला साक्ष द्यावयाची आहे काय?" असे विचारते, तिच्यात ती का चालू नये? पृथ्वीवरील वारशात वाटा मिळाला, आणि प्रभूच्या घरच्या वारशात मात्र तो मागल्या बाकावर गप्प बसून राहावा काय?

कोणी म्हणेल, सारे गाव एका माणसासाठी नवी भाषा कसे शिकेल? ह्याचे उत्तर कोळी-गाबितांना आवडेल असे आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तेथील काही कुळांत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जन्मजात बहिरेपण चालत आले. एकोणिसाव्या शतकात बेटावर सुमारे १५५ माणसांमागे एक कर्णबधिर होता, आणि चिल्मार्क गावात हे प्रमाण ह्याहूनही मोठे. लोक बहुतेक मच्छीमार व शेतकरी. तेथे ऐकणारी मुलेही लहानपणापासून हातांची भाषा शिकत. समुद्रावर एका होडीतून दुसरीत हाक पोचत नसे, तेथे हात पोचत. ह्या परंपरेतला शेवटचा कर्णबधिर मनुष्य १९५२ साली वारला. पुढे नोरा एलन ग्रोस ह्या संशोधिकेने म्हाताऱ्यांना जुन्या शेजाऱ्यांविषयी विचारले, तेव्हा त्यांना ते चांगले मासेमार होते हे आधी आठवले. ते बहिरे होते हे विचारल्यावर आठवले.

आपल्या किनाऱ्यावरही वारा भरला आणि समुद्राची गाज वाढली की रापणीचा दोर ओढणारे हात वर करूनच एकमेकांस सांगतात. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, आणि त्या बोटांवर हजारोंचा व्यवहार होतो. पोटापाण्यासाठी हातांवर विश्वास ठेवता येतो, तर बंधुप्रीतीसाठी का येऊ नये?

शिकावयाचे तर कोणापासून? १८१६ साली टॉमस गॅलॉडेट हा अँडोव्हरच्या ईश्वरविद्यालयात शिकलेला तरुण उपदेशक पॅरिसहून अमेरिकेस परत निघाला. त्याच्याबरोबर लोराँ क्लेर्क हा कर्णबधिर शिक्षक होता. बावन्न दिवसांच्या प्रवासात क्लेर्क इंग्रजी शिकला आणि गॅलॉडेट क्लेर्कपासून खुणा शिकला. पुढल्या वर्षी हार्टफर्ड येथे त्यांची शाळा सुरू झाली. उपदेशक आधी शिष्य झाला, म्हणून ते काम उभे राहिले. मुंबईत १८१३ साली आलेला गॉर्डन हॉल हाही अँडोव्हरचाच विद्यार्थी. येथील लोकांशी बोलण्यासाठी त्याने मराठी शिकून घेतली. ज्याच्याकडे जावयाचे त्याची भाषा आपण शिकावयाची, ही मिशनरी कामाची पहिली पायरी आहे.

तर मग प्रत्येक मंडळीने काय करावे? कर्णबधिर बंधूला किंवा भगिनीला तिच्या नावाने ओळखावे. 'मुको', 'मुकी' हे शब्द तोंडातून काढून टाकावे. उपासनेत त्यांस पुढे, उजेडात, बोलणाऱ्याचे तोंड दिसेल असे बसवावे. मंडळीतील दोघातिघा तरुणांनी खुणांची भाषा, शक्य तेथे कर्णबधिर शिक्षकाकडूनच, शिकून घ्यावी. तान्हे मूल आवाजाला दचकत नसेल तर आईबापांनी त्याला लवकर तपासून घ्यावे. यंत्राने किंवा शस्त्रक्रियेने लाभ होत असेल तर अवश्य घ्यावा. पण त्याची वाट पाहत मुलाला भाषेवाचून ठेवू नये. घरात पहिल्या दिवसापासून हात बोलू लागावे. आणि ऐकू येण्यासाठी त्याला सभेत उभे करून, ऐकू न आल्यास त्याच्या विश्वासाला नावे ठेवणे बंद करावे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने बहिऱ्याला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले. म्हणजे काय करणार ते आधी त्याला दिसेल अशा भाषेत सांगितले, आणि मगच शब्द उच्चारला. लोकांपुढे त्याचा तमाशा केला नाही.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्याच्याजवळ जा. तुमच्या खुणा वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील. त्या जखऱ्याच्या शेजाऱ्यांच्याही फार सुबक नसतील. पण विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. मंडळीत नाव कोणाचे काय ठेवावे, गीत कोणते गावे, पैसा कशावर खर्चावा, ह्या सर्वांत त्याचाही हात वर होऊ द्या. ज्या देवाने कान घडविला त्यानेच हातही घडविले. त्या हातांची साक्ष ओळखण्यास तो आपले डोळे उघडो. आमेन.