प्रीतीला ज्ञान हवे काय?

"लेकराच्या भल्यासाठीच केले," हे वाक्य आपण घरी, मंडळीत व शब्बाथशाळेतही ऐकतो. हेतू शुद्ध असला म्हणजे पुढचे विचारू नये, असा त्याचा अर्थ. पण प्रीतीला तेवढ्याने सुटका मिळते काय? वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण या बाबतीत विचार करण्याजोगे आहे.

१९४२ साली बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांत एक नवे अंधत्व नोंदवले. पुढील दहाबारा वर्षांत जगभर सुमारे १०,००० मुले त्यामुळे आंधळी झाली. नवल असे की, हा रोग चांगल्या सोयींच्या रुग्णालयांतच अधिक दिसे. तेथे काचेच्या पेटीत प्राणवायू मुबलक सोडला जाई. अतिप्राणवायूने कोवळ्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ आधी खुंटते, मग त्या वेड्यावाकड्या फोफावतात आणि त्यांच्या ओढीने पटल सुटते. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कँपबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले. वॉशिंग्टन येथे डॉ. पॅट्झ यांनी काही बालकांना तो बेताने देऊन पाहिला, तेव्हा काही परिचारिका रात्री गुपचूप तो वाढवीत. लेकरू गुदमरेल हे त्यांना पाहवेना. त्यांना नावे ठेवण्यास माझी जीभ उचलत नाही. मार्थेनेही तेच केले असते.

१९५३ साली अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी आरंभली. कोणत्या बालकाला भरपूर प्राणवायू व कोणाला बेताचा, हे चिठ्ठीवर सोडले. लेकरांवर चिठ्ठ्या टाकाव्यात, ही गोष्ट मनाला बोचते खरी. परंतु त्याआधीही प्रयोग चालूच होता, फक्त त्याचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते! १९५४ साली दोष प्राणवायूच्या अतिरेकाचा, हे सिद्ध झाले.

पण त्या चाचणीत दोन दिवस जगलेलीच बालके घेतली होती. नंतर डॉक्टरांनी भीतीपोटी जन्मापासूनच हात आखडला. १९७३ साली डॉ. क्रॉस यांनी अंदाज मांडला की, एका बालकाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बालके दगावली असावीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतही रक्तातील प्राणवायू थोडा कमी राखताच डोळ्यांचा तीव्र रोग निम्म्यावर आला, पण मृत्यू वाढले. म्हणजे सढळ हातही घातक आणि आखडता हातही. फिलिप्पैकरांसाठी प्रार्थना करताना पौल प्रीतीबरोबर ज्ञान व विवेकही मागतो, तो उगाच नव्हे.

आता प्राणवायू मोजून देतात. तरी फार अपुरे दिवस, कमी वजन, जंतुसंसर्ग व वजन न वाढणे यांनी धोका वाढतो. आपल्या देशात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावेत, असे तज्ज्ञ सांगतात. वेळीच उपचार झाले, तर बहुधा दृष्टी वाचते. अशा बाळंतिणीकडे आपण झबले-टोपडे घेऊन जातो, प्रार्थना करतो. त्याच वेळी विचारावे, डोळे तपासले काय? पुन्हा कोणत्या तारखेला बोलावले आहे? कारण पहिली तपासणी निर्दोष निघाली तरी रक्तवाहिन्यांची वाढ पुरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि दमलेली आई नेमकी तीच तारीख विसरते.